इमॅक्सच्या कंपाइल झालेल्या फाइली कुठे ठेवायच्या, कशा हलवायच्या, कधी पुसायच्या

घरच्या लॅपटॉपवर इमॅक्स हा टेक्स्ट एडिटर झकास चालतो. त्याच्या सेटिंगचं ‘.इमॅक्स.डी’ फोल्डर पेन ड्राइव्हवर घालून एसटीने तालुक्याच्या कॉलेजात नेलं की लॅबच्या कॉम्प्युटरवर उघडताच चुकांची यादी येते. कधी उलटं होतं. स्वतः लिहिलेली सेटिंग जेमतेम दोन पानांची असते, पण फोल्डर कॉपी करायला घेतलं तर ते शेकडो एमबीचं निघतं, आणि मोबाइल हॉटस्पॉटवरून गिटला पाठवताना दिवसाचा डेटा तिथेच संपतो. दोन्हींचं मूळ एकच आहे. आपण लिहिलेल्या फाइली आणि इमॅक्सने त्यांच्यावरून तयार केलेल्या फाइली एकाच फोल्डरात मिसळलेल्या असतात.

त्या वेगळ्या करायला पाच-सहा ओळी पुरतात. बिघडतं ते क्रम चुकल्यामुळे. कुणी ओळ चुकीच्या फाइलीत लिहितं, कुणी आधी पुसतं आणि मग लिहितं, तर कुणी पुसू नये तेच पुसतं.

वाचण्याआधी एक सूचना. फाइली, चल (व्हेरिएबल) आणि फंक्शनांची नावं इथे उच्चाराप्रमाणे देवनागरीत दिली आहेत. टाइप करताना ती लहान रोमन अक्षरांत, मधल्या आडव्या रेघांसकट टाइप करायची. स्पेलिंगची खात्री नसेल तर सुरुवातीची अक्षरं टाइप करून आल्ट-एक्स किंवा कंट्रोल-एच व्हीच्या ओळीत टॅब दाबा. लिस्प (इमॅक्सची सेटिंग ज्या भाषेत लिहितात ती) फाइलीत लिहीत असाल तर कंट्रोल-आल्ट-आय दाबा. उरलेलं नाव इमॅक्सच पूर्ण करतो.

## आधी तीन प्रकार ओळखा

.ईएल ही तुम्ही किंवा पॅकेजच्या लेखकाने लिहिलेली मूळ फाइल. जपायची ती एवढीच.

.ईएलसी ही तिच्यावरून बनलेली बाइटकोडची, म्हणजे इमॅक्सला लवकर वाचता येईल अशा रूपातली फाइल. ती मूळ फाइलीच्या शेजारीच, त्याच फोल्डरात तयार होते. पॅकेज बसवलं की आपोआप बनते.

.ईएलएन ही २०२२ मध्ये आलेल्या इमॅक्स २८ पासूनची. यात लिस्पचं थेट प्रोसेसरच्या भाषेत रूपांतर केलेलं असतं, आणि लिनक्सवर ती खरं तर एक शेअर्ड लायब्ररी असते. ती मूळ फाइलीच्या शेजारी न राहता ‘ईएलएन-कॅशे’ नावाच्या वेगळ्या फोल्डरात जाते. त्या फोल्डरात इमॅक्सच्या प्रत्येक आवृत्तीसाठी एक उपफोल्डर असतं. त्याचं नाव म्हणजे आवृत्तीचा आकडा आणि पुढे काही निरर्थक वाटणारी अक्षरं. ही अक्षरं त्या विशिष्ट इमॅक्सच्या बांधणीवरून (बिल्डवरून) काढलेली असतात. म्हणून दोन मशीनवर आवृत्ती एकच असली तरी बांधणी वेगळी असेल तर एकाची .ईएलएन दुसऱ्याला चालत नाही.

.ईएलएनची जागा बदलता येते आणि बदलावीच. .ईएलसीची जागा बदलण्याच्या भानगडीत पडू नका. तिच्यासाठी उपाय निराळा आहे, तो टप्पा ५ मध्ये दिला आहे.

## टप्पा १: तयारी आणि तपासणी

आल्ट-एक्स दाबून ‘इमॅक्स-व्हर्जन’ चालवा आणि आकडा कागदावर लिहून ठेवा. घरचं आणि लॅबचं, दोन्ही मशीनवर. ही पायरी लोक हमखास गाळतात, आणि निम्मे घोळ तिथूनच सुरू होतात. उबुंटू २२.०४ सोबत इमॅक्स २७.१ येतो, डेबियन १२ सोबत २८.२, आणि उबुंटू २४.०४ सोबत २९.३. आपल्याकडच्या लॅबमध्ये जुनं उबुंटू आणि पोरांच्या लॅपटॉपवर नवं, हे चित्र नेहमीचं आहे. म्हणजे एका बाजूला .ईएलएन हा प्रकारच नाही आणि दुसऱ्या बाजूला आहे.

आता .ईएलएन बनवण्याची सोय तुमच्या इमॅक्सात आहे का ते पाहा. आल्ट आणि अपूर्णविराम दाबून ‘(नेटिव्ह-कॉम्प-अव्हेलेबल-पी)’ टाइप करून एंटर करा. उत्तर ‘टी’ आलं तर सोय आहे. ‘निल’ आलं तर नाही. असं फंक्शनच नाही अशी तक्रार आली तर तुमचा इमॅक्स २७ किंवा त्याहून जुना आहे. शेवटच्या दोन बाबतींत हा टप्पा पूर्ण करा, मग टप्पा २, ३ आणि ४ सोडून थेट टप्पा ५ वर जा.

यानंतर सेटिंगचं फोल्डर नक्की कुठलं ते पाहा. कंट्रोल-एच, मग व्ही, मग ‘यूजर-इमॅक्स-डिरेक्टरी’. होममधलं ‘.इमॅक्स.डी’ तरी दिसेल किंवा ‘.कॉन्फिग/इमॅक्स’ तरी. दोन्ही फोल्डरं अस्तित्वात असतील तर इमॅक्स ‘.इमॅक्स.डी’च धरतो आणि दुसऱ्याकडे ढुंकूनही पाहत नाही. इंटरनेटवर वाचून नवं ‘.कॉन्फिग/इमॅक्स’ तयार करायचं, जुनं तसंच राहू द्यायचं आणि मग ‘बदल लागूच होत नाहीत’ म्हणून बसायचं, हे फार वेळा पाहिलंय.

त्याच पद्धतीने ‘नेटिव्ह-कॉम्प-ईएलएन-लोड-पाथ’ हा चल उघडा. फोल्डरांची यादी दिसेल. इमॅक्स नव्या फाइली लिहितो त्या यादीतल्या लिहिता येण्याजोग्या पहिल्या फोल्डरात. यादीतलं शेवटचं फोल्डर हे इमॅक्ससोबत आलेल्या फाइलींचं असतं.

> सावधान: यादीतल्या शेवटच्या फोल्डराला कधीही हात लावायचा नाही. सुडो वापरून ते पुसलं तर इमॅक्स पुन्हा बसवावा लागेल.

आणि अखेरीस, मूळ फाइलींची एक प्रत बाजूला काढा. सगळं फोल्डर नको. ‘इनिट.ईएल’, असल्यास ‘अर्ली-इनिट.ईएल’, स्वतःच्या .ईएल फाइलींचं फोल्डर आणि स्निपेट वगैरे जे हाताने लिहिलंय तेवढंच. लाइन कधीही जाऊ शकते. इन्व्हर्टर नसेल तर ही प्रत झाल्याशिवाय पुढे जाऊ नका.

## टप्पा २: नवी जागा निवडा

लिनक्सवर होममधल्या ‘.कॅशे’ फोल्डरात ‘इमॅक्स’ आणि त्याच्या आत ‘ईएलएन’ असं फोल्डर हाताने तयार करा. लपलेली फोल्डरं दिसत नसतील तर फाइल मॅनेजरमध्ये कंट्रोल-एच दाबा. ‘.कॅशे’ हीच जागा का? तिथे जे असतं ते पुसलं तरी चालतं असं लिनक्सवर गृहीतच धरलेलं असतं. बॅकअपचे बरेचसे प्रोग्राम ती जागा वगळतात, आणि आपल्याला नेमकं तेच हवं आहे.

पाच जागा टाळा.

पेन ड्राइव्ह: तो संथ असतो हे एक कारण झालं. दुसरं म्हणजे तो ‘नोएक्झेक’ (त्यावरचं काहीही थेट चालवू न देणाऱ्या) पर्यायाने जोडलेला असेल तर .ईएलएन उघडतच नाही, कारण ती चालवायची लायब्ररी आहे. लॅबचे सर सुरक्षेसाठी हा पर्याय लावून ठेवतात, आणि त्यांचं चुकत नाही.

‘टीएमपी’ फोल्डर: बहुतेक लिनक्सवर रीस्टार्टनंतर ते रिकामं होतं. दिवसातून तीनदा लाइन जाणाऱ्या गावात याचा अर्थ दिवसातून तीनदा सगळं पुन्हा कंपाइल.

ड्रॉपबॉक्स, सिंकथिंग किंवा तसं काही लावलेलं फोल्डर: या फाइली दुसऱ्या मशीनला निरुपयोगी असतात. फुकट डेटा जातो.

गिटचं फोल्डर. कारण वर आलंच.

आणि शेवटचं, ज्याच्या नावात जागा सोडलेली आहे किंवा देवनागरी अक्षरं आहेत असं फोल्डर. इमॅक्सला देवनागरीचं वावडं नाही. पण .ईएलएन बनवताना कंपायलर आणि लिंकर अशी बाहेरची अवजारंही मध्ये येतात. ‘माझे काम’ या नावावरून उद्या डोकं खाजवत बसण्यापेक्षा साधं रोमन नाव बरं.

लॅबच्या मशीनवर रीस्टार्टला सगळं पूर्ववत करणारं सॉफ्टवेअर असेल तर कुठलीच जागा टिकणार नाही. तिथे .ईएलएन बनवणंच बंद करा. त्याची ओळ पुढच्या टप्प्यात आहे.

## टप्पा ३: ओळ योग्य फाइलीत लिहा

बहुतेक जण ही ओळ ‘इनिट.ईएल’मध्ये टाकतात, आणि सगळ्यात जास्त गफलत होते ती इथेच. ती फाइल वाचली जाते तोवर पॅकेजं सुरू झालेली असतात आणि काही .ईएलएन जुन्या जागी लिहूनही झालेल्या असतात. मग जुनं ‘ईएलएन-कॅशे’ पुसलं तरी दुसऱ्या दिवशी परत दिसतं. ओळ लिहायची ती ‘अर्ली-इनिट.ईएल’मध्ये. इमॅक्स २७ पासून ही फाइल सगळ्यांच्या आधी, पॅकेजांच्याही आधी वाचली जाते. ती टप्पा १ मध्ये सापडलेल्या सेटिंगच्या फोल्डरातच असायला हवी. नसेल तर तयार करा. तुमची सेटिंग होममधल्या जुन्या ‘.इमॅक्स’ या एकट्या फाइलीत असली, तरी अर्ली-इनिट मात्र फोल्डरातच शोधली जाते.

इमॅक्स २९ किंवा पुढचा असेल तर सगळ्यात वर ही ओळ:

(स्टार्टअप-रिडायरेक्ट-ईएलएन-कॅशे "~/.कॅशे/इमॅक्स/ईएलएन/")

इमॅक्स २८ मध्ये हे फंक्शन नाही. तिथे यादीतला पहिला पत्ता बदलायचा:

(सेटकार नेटिव्ह-कॉम्प-ईएलएन-लोड-पाथ (एक्सपांड-फाइल-नेम "~/.कॅशे/इमॅक्स/ईएलएन/"))

तीच फाइल दोन-तीन आवृत्त्यांवर न्यायची असेल तर अट घाला, म्हणजे २७ वर इमॅक्स अडणार नाही:

(कॉंड ((एफबाउंडपी 'स्टार्टअप-रिडायरेक्ट-ईएलएन-कॅशे) पहिली ओळ) ((बाउंडपी 'नेटिव्ह-कॉम्प-ईएलएन-लोड-पाथ) दुसरी ओळ))

‘पहिली ओळ’, ‘दुसरी ओळ’ यांच्या जागी वरच्या ओळी कंसासकट टाका. नावाआधीचं एकेरी अवतरण चिन्ह विसरू नका. ते एकच असतं आणि मिटवायचं नसतं.

फंक्शनला दिलेला पत्ता ‘~’ किंवा ‘/’ ने सुरू झाला नाही तर इमॅक्स तो सेटिंगच्या फोल्डरापासून धरतो. म्हणजे नुसतं "ईएलएन" लिहिलं तर फाइली पुन्हा ‘.इमॅक्स.डी’मध्येच जाणार.

सगळं पूर्ववत करणाऱ्या लॅबच्या मशीनसाठी, इमॅक्स २९ पासून, याच फाइलीत ‘(सेटक्यू नेटिव्ह-कॉम्प-जेआयटी-कंपायलेशन निल)’ लिहा. २८ वर त्याच कामाच्या चलाचं नाव ‘नेटिव्ह-कॉम्प-डिफर्ड-कंपायलेशन’ असं होतं. इमॅक्स थोडा मंद चालेल, पण रोज सकाळी पहिला अर्धा तास पंखा ओरडणार नाही.

> तपासा: फाइल सेव्ह करण्याआधी आल्ट-एक्स ‘चेक-पेरेन्स’ चालवा. काहीच बोलला नाही तर कंस जुळले आहेत.

## टप्पा ४: बंद करा, उघडा, खात्री करा, मगच जुनं पुसा

इमॅक्स पूर्ण बंद करा. डीमन (खिडकीशिवाय मागे चालू राहणारा इमॅक्स) चालवत असाल तर खिडकी बंद करून भागत नाही. आल्ट-एक्स ‘किल-इमॅक्स’ करावं लागतं. नाहीतर जुनाच इमॅक्स मागे चालू राहतो आणि तुम्ही नव्या सेटिंगची वाट पाहत बसता.

पुन्हा उघडून कंट्रोल-एच व्हीने ‘नेटिव्ह-कॉम्प-ईएलएन-लोड-पाथ’ पाहा. यादीत पहिला पत्ता नवा दिसला पाहिजे. तो दिसेपर्यंत काहीही पुसायचं नाही. जुनाच दिसत असेल तर तीन शक्यता क्रमाने तपासा: फाइलीचं नाव चुकलंय (‘अर्ली’ आणि ‘इनिट’च्या मधली रेघ पाहा), फोल्डर चुकलंय, किंवा त्या ओळीच्या आधीच दुसरी एखादी चूक येऊन फाइल अर्धवट वाचली गेलीय. ‘*मेसेजेस*’ बफर उघडला की तिसरी शक्यता लगेच कळते.

नवा पत्ता दिसला की काही मिनिटं नेहमीचं काम करा. एखादं पॅकेज वापरा. नव्या फोल्डरात आवृत्तीच्या नावाचं उपफोल्डर आणि आत फाइली येऊ लागल्या की समजा जमलं.

आता इमॅक्स बंद करून सेटिंगच्या फोल्डरातलं जुनं ‘ईएलएन-कॅशे’ पुसा. ते उचलून नव्या जागी नेता येत नाही का? त्याच मशीनवर, त्याच इमॅक्ससाठी नेता येतं. पण तसं केलं की दोन वर्षांपूर्वीच्या आवृत्त्यांची अडगळही सोबत येते. तीन-चार पॅकेजं असतील तर सरळ पुसा, इमॅक्स परत बनवेल. पन्नास पॅकेजं आणि जुना प्रोसेसर असेल तर फक्त सध्याच्या आवृत्तीचं उपफोल्डर न्या. ते कुठलं, हे ‘कॉम्प-नेटिव्ह-व्हर्जन-डिर’ या चलात लिहिलेलं असतं.

एका मशीनवरून दुसऱ्यावर मात्र नेऊ नका. .ईएलएनच्या नावात मूळ फाइलीच्या पत्त्यावरून काढलेला एक तुकडा असतो. घरी तुमचं यूजरनेम एक आणि लॅबमध्ये ‘स्टुडंट’, एवढ्यानेही पत्ता बदलतो आणि आणलेली फाइल नुसती जागा खात पडून राहते.

जुनं फोल्डर पुसल्यावर काही दिवसांनी पुन्हा उगवलं तर घाबरू नका. कधीतरी तुम्ही ‘-क्यू’ पर्याय देऊन, छोट्या किंवा मोठ्या अक्षरात, इमॅक्स उघडला असेल, किंवा एखाद्या स्क्रिप्टने तो बॅच पद्धतीने चालवला असेल. या तिन्ही वेळी अर्ली-इनिट वाचलीच जात नाही, त्यामुळे तेवढ्यापुरता जुना पत्ता लागू होतो. पुसून टाका आणि विसरा.

## टप्पा ५: .ईएलसीचा बंदोबस्त

.ईएलसी मूळ फाइलीच्या शेजारीच शोधली जाते, म्हणून तिला हलवायचं नाही. पण ती शिळी होऊ देता कामा नये. शिळी .ईएलसी चूक दाखवत नाही, मुकाट्याने चुकीचं काम करते. .ईएलएनपेक्षा तिचा धोका मोठा तो याच कारणाने.

उदाहरण घ्या. कापूस वेचणीचा हिशोब ऑर्ग-मोडमध्ये ठेवलाय आणि मजुरी काढायला ‘वेचणी.ईएल’ नावाची छोटी फाइल लिहिलीय: किलो गुणिले दर. ती एकदा बाइट-कंपाइल केली. पुढे किलोमागे ८ रुपयांचा दर १० झाला. तुम्ही फाइलीत ८ चे १० केले, सेव्ह केलं, इमॅक्स बंद करून उघडला. एका बाईची वेचणी ४० किलो. उत्तर यायला हवं ४००, येतंय ३२०. फाइल दहा वेळा उघडून पाहा, आत १०च लिहिलेले दिसतात. कारण ‘रिक्वायर’ने फाइल मागवली की इमॅक्स आधी .ईएलसी उचलतो, आणि तिच्यात अजून ८ आहेत. ‘*मेसेजेस*’मध्ये ‘मूळ फाइल नवी आहे, जुनी वापरतोय’ अशा अर्थाची इंग्रजी ओळ येऊन गेलेली असते. ती वाचतं कोण? मजुरी वाटून झाल्यावर हे लक्षात आलं तर पंचाईत.

यावर तीन गोष्टी करा.

पहिली. अर्ली-इनिटमध्ये (सेटिंगच्या फोल्डरातली ‘अर्ली-इनिट.ईएल’; नसेल तर तयार करा) ‘(सेटक्यू लोड-प्रिफर-न्यूअर टी)’ लिहा. मग दोन्हींतली जी फाइल नवी असेल ती उचलली जाते. वरचा हिशोब एवढ्यानेच सुटतो. लॅबच्या मशीनचं घड्याळ मात्र बरोबर असू द्या. मदरबोर्डवरचा सेल संपल्यामुळे तारीख मागे गेलेल्या मशीनवर ‘नवी फाइल कोणती’ हा निवाडाच चुकतो.

दुसरी. ‘इनिट.ईएल’ बाइट-कंपाइल करू नका. इमॅक्सच्या पुस्तिकेतही हाच सल्ला आहे: वेग फारसा वाढत नाही आणि पुन्हा कंपाइल करायचं विसरलं की गोंधळ होतो. फोल्डरात ‘इनिट.ईएलसी’ दिसली तर आजच पुसा.

तिसरी. आवृत्ती बदलली की पॅकेजांच्या .ईएलसी नव्याने बनवा. इमॅक्स २९ पासून आल्ट-एक्स ‘पॅकेज-रीकंपाइल-ऑल’ आहे. त्याआधीच्या आवृत्तीत कंट्रोल-यू, शून्य, मग आल्ट-एक्स ‘बाइट-रीकंपाइल-डिरेक्टरी’ असं करतात. पण शिळ्या फाइली आधी पुसलेल्या बऱ्या. आल्ट-एक्स ‘फाइंड-नेम-डायर्ड’, पॅकेजांचं फोल्डर ‘एल्पा’, नमुना ‘*.ईएलसी’. यादी आली की ‘टी’ दाबून सगळ्यांवर खूण करा, मग शिफ्ट-डी. पुसण्याआधी यादीत एकही नुसती .ईएल नाही ना, एवढं डोळ्यांखालून घाला.

### घर आणि लॅब, दोन आवृत्त्या

२९ ने बनवलेली .ईएलसी २७ ला दिली की कधी ती चालते, कधी ‘असं फंक्शन नाही’ म्हणून अडते. भरवसा नाही. सेटिंगचं फोल्डर पेन ड्राइव्हवरून ने-आण करणाऱ्यांनी पॅकेजांचं फोल्डरच आवृत्तीनुसार वेगळं ठेवावं. ही ओळही अर्ली-इनिटमध्येच टाकायची, कारण इनिट वाचण्याआधी पॅकेजं सुरू झालेली असतात:

(सेटक्यू पॅकेज-यूजर-डिर (एक्सपांड-फाइल-नेम (कॉनकॅट "एल्पा-" (नंबर-टू-स्ट्रिंग इमॅक्स-मेजर-व्हर्जन)) यूजर-इमॅक्स-डिरेक्टरी))

घरी ‘एल्पा-२९’ आणि लॅबमध्ये ‘एल्पा-२७’ अशी दोन फोल्डरं होतील. पॅकेजं दोनदा उतरवावी लागतात, तेवढा डेटा खर्च होतो. लॅबमध्ये नेट बरं असेल त्या दिवशी ते काम उरकून घ्या.

## टप्पा ६: पहिलं कंपाइल होताना

.ईएलएन बनवायला इंटरनेट लागत नाही, वीज आणि प्रोसेसर लागतो. पॅकेजची .ईएलसी पहिल्यांदा लोड झाली की मागे गुपचूप काम सुरू होतं. इमॅक्स आपणहून निम्मे प्रोसेसर कामाला लावतो. मे महिन्यात चंद्रपूर-ब्रह्मपुरीकडे पारा ४५ च्या पुढे जातो तेव्हा पत्र्याच्या खोलीतल्या सेकंडहँड लॅपटॉपला हे झेपत नाही. तो तापून मंदावतो किंवा बंदच पडतो. अर्ली-इनिटमध्ये ‘(सेटक्यू नेटिव्ह-कॉम्प-असिंक-जॉब्स-नंबर १)’ करा, आकडा अर्थातच इंग्रजी. वेळ जास्त लागेल, पण लॅपटॉप जिवंत राहील. मुळात उन्हाळ्यात हे काम सकाळी आठच्या आत करावं.

कंपाइल होताना ‘*वॉर्निंग्ज*’ची खिडकी सारखी वर येते. त्यातले बहुतेक इशारे पॅकेज लिहिणाऱ्यासाठी असतात, तुमच्यासाठी नाहीत. ‘नेटिव्ह-कॉम्प-असिंक-रिपोर्ट-वॉर्निंग्ज-एरर्स’ या चलाला 'सायलेंट ही किंमत दिली की इशारे नोंदले जातात पण खिडकी उघडत नाही. ‘निल’ दिलं तर नोंदही होत नाही. मी ‘सायलेंट’ ठेवायला सांगतो. पुढे काही अडलं तर नोंद हाताशी असते.

काम चाललंय की संपलंय हे ‘*असिंक-नेटिव्ह-कंपाइल-लॉग*’ बफरमध्ये कळतं.

> लाइन मध्येच गेली तर: पुन्हा सुरू झाल्यावर नव्या फोल्डरातलं आवृत्तीचं उपफोल्डर उघडा आणि फाइली आकाराने लावा. शून्य आकाराची .ईएलएन दिसली तर तेवढीच पुसा. बाकीच्या ठीक आहेत, राहिलेलं काम इमॅक्स आपणहून पुढे नेतो.

## टप्पा ७: पेन ड्राइव्ह, गिट आणि अधूनमधूनची झाडलोट

गिट वापरत असाल तर ‘.गिटइग्नोर’मध्ये तीन ओळी हव्यात: ‘*.ईएलसी’, ‘ईएलएन-कॅशे/’ आणि ‘एल्पा*/’. फाइली आधीच गिटमध्ये गेल्या असतील तर नुसत्या या ओळींनी काही होत नाही. ‘गिट आरएम -आर --कॅश्ड’ पुढे फोल्डराचं नाव देऊन त्या नोंदीतून काढाव्या लागतात. डिस्कवर त्या राहतात. जुन्या कमिटांमधला भार मात्र तसाच असतो. सेटिंग छोटी असेल तर नवी रिपॉझिटरी सुरू करणं सोपं पडतं.

पेन ड्राइव्हवर न्यायच्या त्या टप्पा १ मध्ये बाजूला काढलेल्या फाइली. मित्राला सेटिंग देतानाही तेवढ्याच द्या. आणि कुणाकडून आयती .ईएलसी किंवा .ईएलएन घेऊ नका. आत काय आहे ते वाचता येत नाही आणि ती तुमच्या मशीनवर थेट चालते.

इमॅक्सची आवृत्ती वाढली की जुन्या आवृत्तीचं उपफोल्डर तसंच पडून राहतं. इमॅक्स २९ पासून आल्ट-एक्स ‘नेटिव्ह-कंपाइल-प्रून-कॅशे’ ते साफ करतं. पण एकाच मशीनवर मुद्दाम दोन आवृत्त्या ठेवल्या असतील तर ही आज्ञा सध्या उघडलेल्या इमॅक्सचं फोल्डर सोडून दुसऱ्याच्याही फाइली पुसते. तिथे हाताने पुसलेलं बरं. २८ वर तर हाताशिवाय पर्यायच नाही.

## तरीही अडलं तर

इमॅक्स उघडताना ‘व्हॉइड फंक्शन’ म्हणतो आणि पुढे स्टार्टअप-रिडायरेक्टचं नाव येतं. आवृत्ती २८ किंवा जुनी आहे. टप्पा ३ मधली अटीची ओळ वापरा.

.ईएलएन लोड होत नाही, ‘ऑपरेशन नॉट परमिटेड’ असं दिसतं. फोल्डर ‘नोएक्झेक’ असलेल्या डिस्कवर आहे. जागा बदला.

नवं फोल्डर रिकामंच राहतं, पण चूकही दिसत नाही. फोल्डरात लिहायची परवानगी पाहा. सुडोने बनवलं असेल तर ते रूटच्या मालकीचं असतं, आणि इमॅक्स मुकाट यादीतल्या पुढच्या लिहिता येणाऱ्या जागेकडे वळतो. मालकी बदलण्यापेक्षा ते पुसून आपल्या नावाने पुन्हा बनवणं झटपट होतं.

पॅकेजांच्या .ईएलएन बनतात, आपल्या फाइलींच्या बनत नाहीत. .ईएलएन आपोआप बनायला आधी .ईएलसी लागते. कंपाइल न केलेली साधी .ईएल लोड केली तर इमॅक्स तिच्या वाटेला जात नाही. ‘वेचणी.ईएल’सारख्या वीस ओळींच्या फाइलीला तशी गरजही नसते, ती साधीच राहू द्या.

एखादं पॅकेज विचित्र वागतंय आणि कारण सापडत नाही. क्रम असा ठेवा: इमॅक्स बंद, नवं ‘ईएलएन’ फोल्डर पूर्ण रिकामं, इमॅक्स उघडून पाहा. तसंच वागत असेल तर त्या पॅकेजच्या .ईएलसी पुसा आणि पुन्हा पाहा. त्यानंतरही तसंच असेल तर दोष कंपाइल झालेल्या फाइलींचा नाही. मूळ सेटिंगमध्ये शोधा.